तुपातली गोळी

९ नोव्हेंबर १९६४, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहायला घेतली. तळेवाडीसारख्या आडगावाला ज्यानं सुधारणेच्या वाटेला लावलं त्याची हकिकत पुढेमागे कुणीतरी मागणारच, तेव्हा ऐनवेळी धावपळ नको. पलटणीत मी खेचरांच्या कंपनीत सुभेदार होतो, आता गावचा सरपंच आहे. दोन्ही कामांत फारसा फरक नाही. खेचरं तेवढी सांगितलेलं ऐकायची. सगळे मला सुभेदार लालासाहेब म्हणतात. काही लोक मागे वेगळं म्हणतात, त्यांची नावं मला ठाऊक आहेत.

यंदा मी मेंढी सुधार मंडळ काढलं. ऊस काय, कुणीही लावतो. मी स्वतः मेंढ्यांचा कळप घेतला आणि राखायला धोंडीबा धनगराला दिला. त्याचा स्वतःचाही कळप आहे. दोन्ही कळप एकत्रच चरतात, माझ्या तळ्याच्या काठी. हे तळं मी श्रमदानातून करून घेतलं, दगडावर नाव कोरलेलं आहे. भर उन्हाळ्यातसुद्धा तिथं हिरवंगार असतं.

पण दिवाळीपासून मेंढ्या मरायला लागल्या आहेत. आधी वाळतात, मग जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागते आणि एके सकाळी उठतच नाहीत. आज धोंडीबा ओट्यापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "सरपंच, असंच चाललं तर संक्रांतीपातुर खांद्यावर नुसतं घोंगडं ऱ्हाईल. मेंढरं गेली की मी आन् हरणा जायाचं कुटं? कोयनंच्या धरणावर माती उचलाया?" हरणा म्हणजे त्याची बायको. मी म्हटलं, "घाबरू नकोस गड्या, मी आहे." त्यावर तो घोंगडं सावरून चालू लागला. भारावला असावा.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

रहिमतपूरकडून गुरांच्या दवाखान्याचा माणूस सायकलवर आला. राजाराम बनसोडे. पंचविशीचा, कपडे परीटघडीचे, जीभ तिखट. आमच्याच गावच्या अंबूबाईचा भाचा निघाला, म्हणजे बौद्धवाडीतला. त्या वाडीला पूर्वी दुसरं नाव होतं, ते मी आता लिहीतसुद्धा नाही. मी जातपात मानत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. मीच सांगितलेलं आहे.

आल्या आल्या त्यानं पाणी मागितलं. बिरोबाचा पुजारी गुंडा ओट्यावर बसला होता, त्याला मी म्हटलं, "ह्यांच्या ओंजळीत पाणी घाल, पेले घासायला पडलेत." बनसोडे म्हणाला, "राहू द्या साहेब, माझी बाटली आहे." स्वावलंबी माणूस. असे लोक मला आवडतात.

मग त्यानं काल मेलेली मेंढी फाडली. कलेजी काढली, सुरीनं उभी चिरली आणि अंगठ्यानं दाबली. आतून चपटे जंत बाहेर आले, पिंपळाच्या कोवळ्या पानासारखे, पण वळवळणारे. "हा लिव्हरफ्लूक," तो म्हणाला. "तळ्याकाठच्या चिखलात बारक्या गोगलगायी असतात. त्यांच्यातून हा गवतावर येतो आणि गवताबरोबर मेंढीच्या पोटात जातो. मेंढ्या तळ्यावर नेऊ नका, माळावर चारा."

माझ्या तळ्यावर! मी म्हटलं, "बनसोडे, गोगलगायीनं कधी मेंढी मारल्याचं ऐकलंय का? तिला पाय तरी आहेत का?" तर हा म्हणतो, "साहेब, जीव घ्यायला पाय कशाला लागतात? काही लोक तर ओट्यावर बसल्या बसल्या घेतात." सरकारी नोकराला ही भाषा शोभत नाही. गुंडासुद्धा हसला, म्हणजे बघा.

जाताना त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की दिवाळीच्या पाडव्याला आपण कलेजी चापून खाल्ली, तर आता? "नीट शिजवली असेल तर काही होत नाही," असं म्हणाला. तेव्हापासून माझ्या उजव्या कुशीत बारीक दुखतंय.

१५ नोव्हेंबर, रविवार

औषध आलं. कॅप्सूलमध्ये आहे, नाव आगगाडीएवढं लांब, कार्बन टेट्राक्लोराइड. परवा सगळ्या मेंढ्यांना द्यायचं. बनसोडेनं चावडीवर सगळ्यांना समजावलं. मेंढी हलक्या पोटी ठेवायची, गोळी जिभेच्या मुळाशी सोडायची, वर पाण्याचा घोट द्यायचा. "आणि तेल, तूप, पेंड ह्यातलं काहीही आजपासून तोंडाला लावायचं नाही. तेलातुपाबरोबर हे औषध रक्तात उतरतं. मग जंत राहतात बाजूला, मेंढीचंच काळीज जळतं." हे त्यानं दोनदा सांगितलं. मला एकदा सांगितलेलं कळतं.

तो गेल्यावर खरा घोळ झाला. बिरोबाला सोडलेला एक मेंढा आहे, काळाभोर, गळ्यात घुंगूर. त्यालाही पिशवी लोंबायला लागली आहे. गुंडा उसळला, "द्येवाच्या मेंढ्याच्या तोंडात त्या बनसोड्याचा हात? आवं, द्येव खपवून घ्यायचा न्हाई. साऱ्या गावाला भोगावं लागंल." लगेच पाचसहा जणांनी माना हलवल्या. एक म्हणाला, मग आमच्याबी मेंढरास्नी नको. झालं! मंडळ बुडण्याची वेळ आली.

अशा वेळी डोकं लागतं. मी म्हटलं, "मंडळी, लग्नात तुपातली पुरी कुणी तळली हे आपण विचारतो का? तुपातलं कुणाच्याही हातचं चालतं, हे वाडवडिलांपासून आहे. मग बनसोडे यायच्या आधी प्रत्येक मेंढीच्या तोंडात पळीभर पातळ तूप घालायचं. गोळी पडेल ती तुपात पडेल. सोवळंही राहिलं आणि सायन्सही राहिलं." गुंडा म्हणाला, "ह्याला म्हनत्यात सरपंच!"

धोंडीबानं मात्र डोकं खाजवलं. "पर त्यो डाक्तर तूप नगं म्हणला न्हवं?"

"त्यांच्या घरी तूप कधी होतं? सवय नाही म्हणून भितो बिचारा. खेचरांना पोटदुखीवर मी स्वतः तूप पाजलेलं आहे."

"मग जगली व्हय खेचरं?"

अडाण्याच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत बसलो असतो तर सुभेदार झालो नसतो. सभा संपवली.

तूप माझ्याच घरचं द्यायचं ठरवलं. पुढाऱ्यानं आधी स्वतःचा हात सैल सोडावा लागतो. चंद्राबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, शालूच्या बाळंतपणासाठी तुपाची बरणी भरून ठेवली होती. ती मागितल्यावर म्हणाली, "आवं, त्यो शिकल्याला माणूस नगं म्हणतोय, आन् तुमी गुंडाचं ऐकताय? लेकीच्या तोंडचं काडून मेंढरांच्या तोंडात घालताय व्हय?" मी म्हटलं, यात समाजाचा प्रश्न आहे, तुला कळायचं नाही. तिनं बरणी माझ्यापुढे अशी आदळली की झाकण चुलीपर्यंत गेलं.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस गावच्या इतिहासात नोंदला जाईल. दिवस उगवायच्या आधी सगळे कळप देवळापुढे आणले. पहिला मान बिरोबाच्या मेंढ्याचा. गुंडानं त्याला दोन पळ्या पाजल्या. मग माझ्या मेंढ्या. माझी तानकी म्हणजे काय मेंढी आहे! हाक मारली की येते, हात चाटते. तिलाही मी माझ्या हातानं दोन पळ्या दिल्या, मायेपोटी. मग ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणं बाकीच्यांच्या. धोंडीबाचा कळप शेवटी होता आणि तिथपर्यंत येईतो बरणी खरवडून संपली.

हरणाबाईनं भांडण काढलं. "आमच्या मेंढरास्नीच न्हाई व्हय? मानाच्या येळंला आमी कवा दिसतच न्हाई तुमास्नी!" मी तिला समजावलं, की पुढच्या वेळी तुझ्यापासून सुरू करू. ती पदरानं डोळे पुसत बसली. वाईट वाटलं, पण तूप काय झाडाला लागतं?

बनसोडे आला आणि कामाला लागला. हात मात्र चलाख आहे पोराचा; मेंढी उचलावी, जबडा उघडावा, गोळी आत, पाणी वर, पुढची. मध्येच थांबून म्हणाला, "साहेब, ह्यांची तोंडं अशी चकाकतात का?" मी म्हटलं, "दव पडलंय." त्यानं माझ्याकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. मी लगेच त्याच्या गळ्यात हार घातला आणि भाषण सुरू केलं. भाषण चांगलं झालं. हार घालताना माझा हात त्याच्या मानेला लागला, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही. घरी येऊन आंघोळ केली, ती धूळ फार होती म्हणून.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

बिरोबाचा मेंढा गेला.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

काल एका ओळीपुढं लिहवलं नाही. तानकीसुद्धा गेली. दोन दिवस तिनं काही खाल्लं नाही. दात खात पडून होती. मी जवळ गेलो की मान उचलायचा प्रयत्न करायची, हात चाटायला. शेवटी तेही जमेना. मी लढाई पाहिलेला माणूस, पण गोठ्यातून बाहेर यायला मला वेळ लागला. माझा निम्मा कळप आडवा झाला आहे. गुंडाच्या दोन गेल्या. ज्याचा मान मोठा त्याचं नुकसान मोठं, असा विचित्र प्रकार आहे.

बनसोडेला निरोप गेला होता. सायकल टाकून तो धावतच आला. तानकीला त्यानं माझ्यासमोर फाडलं. कलेजी पिवळी पडून भुगा झाली होती. त्यानं बोटं नाकाशी नेली, चोळून बघितली आणि उभा राहून सगळ्यांना विचारलं, "तूप कुणी पाजलं?"

गुंडा देवळाच्या कळसाकडं बघत होता. मी टोपी नीट केली. इतक्यात मागून हरणाबाई ओरडली, "पाजलं की! सगळ्यास्नी पाजलं, द्येवाच्या मेंढ्याला, सरपंचाच्या मेंढरास्नी, गुंडाच्या. आमच्याच मेंढरास्नी थेंब न्हाई दिला. इचारा की डाक्तर ह्यास्नी, आमी काय पाप केलं हुतं म्हून!"

बनसोडेनं तिला विचारलं, "मावशी, तुमची किती गेली?"

"आमची? आमची कशापाई जातील? सकाळधरनं माळावर चरत्यात."

बनसोडेनं सुरी पुसली, पेटीत ठेवली. "राहिलेल्या जगतील कदाचित. पण पोटात बारके जंत आहेत, त्यांना हे औषध लागत नाही. ते मोठे झाले की दीड महिन्यानं परत गोळी द्यावी लागेल. नाही दिली तर आज वाचलेल्याही जातील." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तेव्हा दव पडायला नको, साहेब." आणि निघून गेला.

धोंडीबाच्या मेंढ्या जगल्या हा योगायोग आहे. गरिबाला देव राखतो, दुसरं काय.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

गाव खवळलं आहे. देवाचा मेंढा जाणं ही साधी गोष्ट नाही. गुंडा म्हणतो, बनसोड्याच्या हातानंच घात केला, तुपानंसुद्धा निभावलं नाही. लोकांना जबाबदार माणूस पाहिजे आणि तो गावातला नसलेला बरा, म्हणजे गावात दुही माजत नाही. साताऱ्याला जाऊन वरच्या साहेबांना भेटलो, बनसोडेला कोयनानगरकडं धाडा म्हटलं. ते म्हणाले, आधी चौकशी करा आणि अहवाल आणा.

चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मी, सभासद गुंडा. तिसरा माणूस मिळाला नाही.

३० नोव्हेंबर, सोमवार

समितीची बैठक आमच्या ओट्यावर झाली. बरीच चर्चा झाली. तूप पाजलं गेलं असावं, असं दिसतं. ते कुठून आलं आणि कुणाच्या सांगण्यावरून आलं याचा तपास लागला नाही. औषधात दोष असावा, असा निष्कर्ष निघाला.

चंद्राबाई आतून चहा घेऊन आली. कपबश्या ठेवल्या आणि म्हणाली, "तपास लागंना व्हय? बरणी दावू का? अजून घासल्याली न्हाई." गुंडाला ठसका लागला. बैठक तहकूब केली. रात्री घरात मला ताकाशिवाय काही वाढलं गेलं नाही.

२२ डिसेंबर, मंगळवार

उरलेल्या मेंढ्यांमध्ये पुन्हा तेच. कालपासून दोघींच्या जबड्याखाली पिशवी दिसते. त्यातली एक तानकीची पाठ आहे, म्हणजे तिची तरणी लेक, तशीच पांढऱ्या कपाळाची. अजून ओट्याशी येऊन बें बें करते. मेंढ्या आता धोंडीबा माळावर चारतो, तळ्याकडं फिरकत नाही. मला न विचारता त्यानं हे ठरवलं. मी रागावणार होतो, पण राहून गेलं.

अहवाल सही करून खिशात ठेवलेला आहे. तो साताऱ्याला पोचवला की बनसोडे जाणार. आणि बनसोडे गेला तर दुसरी गोळी कोण देणार? आज बाहेर निघालो होतो. स्टँडपर्यंत गेलो, गाडी आली, गाडी गेली. कुशीत फार दुखत होतं म्हणून परत आलो.

३ जानेवारी १९६५, रविवार

सगळं खरं लिहायचं असं ठरवलंय म्हणून लिहितो.

सकाळी कळलं, बनसोडे बौद्धवाडीत मावशीकडं आला आहे आणि धोंडीबा-हरणाबाई कळप घेऊन तिकडंच गेली आहेत. सरपंचाला न विचारता! गुंडा वाटेत आडवा झाला होता म्हणे, वाळीत टाकीन म्हणाला. हरणाबाई म्हणाली, "टाक की. माजी मेंढरं जित्ती हायत. तुज्या द्येवाचा मेंढा कुटं हाय, त्यो दाव आदी." गुंडा घरी जाऊन बसला.

मी हे ऐकत होतो तोवर गोठ्याचं फाटक वाजलं. बघतो तर चंद्राबाई कमरेला पदर खोचून माझ्या मेंढ्या हाकत निघालेली. मी म्हटलं, "अगं, कुठं?" म्हणाली, "जितं औषिद हाय तितं. तुमी बसा समितीत." सरपंचाची बायको भर सकाळी बौद्धवाडीकडं मेंढ्या हाकत चाललेली आणि सगळं गाव दारात! तिला परत आणायला म्हणून मी मागोमाग गेलो. कुणी विचारलं तर हेच कारण आहे.

अंबूबाईचं अंगण शेणानं सारवलेलं, स्वच्छ. बनसोडे गुडघ्यावर बसून गोळ्या देत होता. मला बघून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "साहेब, आलाच आहात तर हिचं तोंड धरा." ती तानकीची पाठ होती. तिचं अंग थरथरत होतं, डोळे माझ्याकडं. मी बसलो आणि जबडा उघडून धरला. त्यानं माझे दोन्ही हात उलटे करून बघितले, वास घेतला. तपासणीच! पलटणीत जनरल साहेबानंही माझी अशी तपासणी कधी केली नव्हती. "ठीक आहे," म्हणाला आणि गोळी आत सोडली. पाणी वर घालायला अंबूबाईनं तांब्या पुढं केला. माझा एक हात जबड्याखाली, दुसऱ्या हातानं मी तांब्या घेतला आणि पाणी घातलं. तिनं गिळलं. गिळलं तेव्हा मला केवढं हायसं वाटलं! तो तांब्या कुणाचा हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

असं सगळ्या मेंढ्यांचं झालं. मी घामानं निथळत होतो. ओट्यावर टेकलो. चंद्राबाई तर आधीच अंबूबाईच्या चुलीपाशी जाऊन शालूच्या बाळंतपणाचं बोलत बसली होती. हरणाबाई, धोंडीबा, बनसोडे सगळे चहा पीत होते. अंबूबाई एक कप घेऊन माझ्यापुढं आली. साठी उलटलेली बाई, मला लहानपणापासून ओळखते. कप पुढं केला आणि थांबली. मग अगदी काळजीनं म्हणाली,

"सायेब, च्याच्या आदी चमचाभर तूप देऊ का? मंजी मग चालंल तुमास्नी."

हरणाबाईनं तोंडाला पदर लावला. धोंडीबा खाली बघून हसत होता. बनसोडे हसला नाही, तो माझ्याकडं नुसता बघत राहिला. सगळ्यांत मोठ्यांदा हसली ती माझी बायको.

आजवर मी शेकड्यानं भाषणं केली. तिथं एवढंच म्हटलं, "नको अंबूबाई. तूप सोसत नाही."

आणि चहा प्यालो. गरम होता, घाई केली म्हणून जीभ भाजली.

७ जानेवारी, गुरुवार

सगळ्या मेंढ्या उठल्या. तानकीची पाठ आज माळावर चरत होती, पिशवी उतरली आहे. धोंडीबा म्हणाला, आता संक्रांतीचं भ्या न्हाई. हरणाबाईनं माझ्या मेंढ्यांवरून तीळ ओवाळून टाकले, ते का हे मी विचारलं नाही.

चौकशी समिती बरखास्त केली. कारण लिहिलं, तपास पूर्ण होऊ शकला नाही. अहवाल चुलीत गेला. चंद्राबाईला विस्तव पेटवायला कागद पाहिजे होता. बनसोडे पुढच्या महिन्यात येणार आहे, तेव्हा पेले आधीच घासून ठेवायला सांगितलेत.

शालूसाठी चंद्राबाईनं नवं लोणी जमवलंय. आज ते कढवायला घेतलं. वास सगळ्या घरात भरला आणि मला काही केल्या आत बसवेना. ओट्यावर येऊन बसलो, तिथंही आला. मग उठून माळाकडं गेलो.